पाच महिन्यांचं भाडं आणि एक जड पेटी

मी पेटीवर बसले होते आणि एका सरकारी ऑफिसचे हेडक्लर्क माझ्यासमोर उभे होते.

"बाई, उठा. सरकारी रेकॉर्ड आहे त्याच्यात."

"असो. पाचशे नव्वद रुपये इथी ठेवा, मंग उठते."

"तुमच्यावर केस होऊ शकते."

"होऊ द्या. कोर्टातही पाचशे नव्वदच सांगीन."

तेव्हा मला वाटत होतं की मी फार हुशार बाई आहे. पुढच्या अर्ध्या तासात ते वाटणं संपलं. पण आधी ती पेटी माझ्या घरात कशी आली ते सांगते.

माझा धंदा खोल्या भाड्यानं देण्याचा. याला धंदा म्हटलं की लोक हसतात. त्यांनी सहा खोल्या, एक विहीर, एक संडास आणि सहा घरचे सहा स्वभाव महिनाभर सांभाळून दाखवावेत. ही नोकरीच आहे, फक्त रिटायर करायला वर कोणी साहेब नसतो.

गडचिरोली जिल्हा झाला तसे गावात बाबू लोक भराभर आले. ऑफिसं आधी आली, त्यांच्या इमारती मागून. बाबूंना राहायला जागा नव्हती. ज्याच्याकडे गोठा होता त्यानं गोठ्याला खिडकी पाडली आणि खोली म्हणून दिला. माझा नवरा वारल्यावर त्याचा फंड मिळाला होता. त्यातून मी परसात विटा-मातीच्या सहा खोल्या काढल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं, टाकले. एका खोलीला महिना नव्वद रुपये.

लाईटचे पैसे वेगळे. मीटर एकच होतं, माझ्या नावाचं. बिल आलं की मी ते बल्बमागे आणि पंख्यामागे वाटायची, सगळ्यांकडून गोळा करायची आणि भरायची. म्हणजे भाडेकरूनं पैसे नाही दिले तरी वीज मंडळाच्या लेखी थकबाकीदार मीच. हे गणित मला मीटर घेताना कळलं नव्हतं.

पावती मी देत नव्हते. पैसे घ्यायचे, मोजायचे, डब्यात टाकायचे आणि भिंतीवर त्या खोलीच्या नंबरापुढे कोळशानं एक रेघ मारायची. दिवाळीला भिंतीला चुना मारला की वर्षाचा हिशेब पांढरा. मला ही पद्धत उत्तम वाटायची.

तीन नंबरच्या खोलीत बोरकुटे आला. नागपूरकडचा माणूस, वय तिशीचं, आस्थापनेचा बाबू. आस्थापना म्हणजे ऑफिसातलं ते टेबल जिथं सगळ्यांच्या पगाराचे, रजेचे, भत्त्यांचे कागद असतात. त्या काळी गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा समजत. बाकीचे बाबू तोंड पाडून यायचे. हा हसत आला आणि पहिल्याच दिवशी माझ्या पाया पडला.

"मावशी, माय तिकडे राह्यली. आता इथी तुम्हीच."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. वाकलेल्या भाडेकरूचा हात खिशाकडे जात नाही, दोन्ही हात पायाशी गुंतलेले असतात.

सुरुवातीचं भाडं त्यानं वेळेवर दिलं. मग एका महिन्याला म्हणाला, "मावशी, ट्रेझरीतून पगारच नाई निघाला तं मी कुठून देऊ?"

ते खरं होतं. त्या महिन्यात सगळ्याच खोल्यांचे पगार लांबले होते. पुढच्या महिन्यात बाकीच्यांचे झाले. बोरकुटेचा तेवढा होईना. मी विचारलं, "सगळ्याईचे होऊन राह्यले, तुह्याच काऊन नाई?"

"सगळ्याईचे पगार मीच काढतो ना, मावशी. दुसऱ्याचे आधी, आपला मागून."

मला त्याचं कौतुक वाटलं. केवढा सरळ माणूस! मी ते पाच नंबरच्या खोलीत सांगूनही आले. तिथे सरकारी दवाखान्यातली नर्स राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणत. ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमाले कोणी मावशी म्हटलं का तुमचं डोस्कं बंद पडते."

पाच महिन्यांची बाकी झाली आणि बोरकुटेची बदली सावलीला झाली. सावली नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. वैनगंगेचा पूल ओलांडला की व्याहाड, मग सावली. एसटीनं तासभरही लागत नाही. भाड्याचे साडेचारशे आणि लाईटचे एकशे चाळीस, मिळून पाचशे नव्वद. मी दारात उभी राहिले. बोरकुटे जराही गडबडला नाही.

"मावशी, ही पेटी इथीच ठेवून जातो. जामीन समजा. आठ दिवसात पैशे आणतो नि पेटी नेतो."

हिरवी पत्र्याची पेटी, वर मुठीएवढं कुलूप. तो गेल्यावर मी एका कडीला धरून ती उचलून पाहिली. जेमतेम हलली. एवढी जड म्हणजे पितळेची भांडी, मी ठरवलं. लग्नातली असतील. पाचशे नव्वदला हजाराचं पितळ, सौदा वाईट नव्हता. दुसऱ्याचं कुलूप तोडणारी बाई मी नाही. पेटीला कान लावून मात्र पाहिलं, एका अंगानं हलवूनही पाहिलं. भांडं वाजलं नाही. मी म्हटलं, लुगड्यात गुंडाळली असतील.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. पेटी माझ्या स्वयंपाकघरात, मी पेटीवर. भाजी तिच्यावर बसून चिरायची. पितळेवर बसल्याचं समाधान काही वेगळंच असतं.

मग लाईटचं थकलेलं बिल आलं, दंड लागून. बोरकुटेच्या खोलीत चोरून लाईटच्या शेगडीवर भात शिजत होता हे मला बिलावरून कळलं. मी मावशी म्हणून वरणाची वाटी न्यायची, तेव्हा तो शेगडी खाटेखाली सरकवत असणार. डब्यातले पैसे मी नुकतेच कवेलू फेरण्यात घातले होते. वायरमन ओळखीचा होता म्हणून आधी सांगायला आला.

"बाई, महिनाअखेरपावतो भरा. नाई तं मले खांबावर चढून लाईन कापा लागते. मंग मले शिव्या नका देऊ."

त्याच दिवशी सिस्टरनं मला बोलावलं. "बाई, लाईन गेली तं मी जाते. ड्यूटीवरून येऊन अंधारात रांधू काय? चामोर्शी रोडले नव्या खोल्या निघाल्या, पंख्यासकट."

सिस्टर वेळेवर भाडं देणारी होती आणि ती गेली की बाकीचे तिच्या मागून जाणार, हे मला पक्कं माहीत होतं. खोल्या रिकाम्या म्हणजे मी पुन्हा लोकांच्या बांधीत रोवणीला. पन्नाशी ओलांडल्यावर दिवसभर चिखलात वाकून धान रोवणं आता मला जमणार नव्हतं. म्हणून मी वसुलीला निघाले.

पहिल्या खेपेला सावलीच्या ऑफिसात सांगितलं, "बोरकुटे बाबू दौऱ्यावर गेले." मी परत आले. दुसऱ्या खेपेलाही दौऱ्यावर. त्याच्या टेबलावर अर्धा पेला चहा होता आणि त्यातून वाफ निघत होती. मी तो पाहिला आणि तरीही परत आले. आस्थापनेचा बाबू दौऱ्यावर जात नसतो, हे मला सिस्टरनं नंतर सांगितलं.

तिसऱ्या खेपेला मी ऑफिसात गेलेच नाही. सुट्टीचा दिवस धरला आणि पत्ता काढत थेट त्याच्या घरी गेले. वाटेत एसटीत मी सगळं बोलणं पाठ केलं होतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं, मी कुठून आले ते सांगितलं.

"अगं बाई, गडचिरोलीच्या मावशी! हे तुमचं लय नाव घेतात. या, बसा. भात टाकलाच आहे."

मी नको म्हणायच्या आत पुढ्यात ताट आलं. वैनगंगेची मासळी होती, आंबट-तिखट रस्सा. मी जेवले. वसुलीला गेलेल्या माणसानं जेवू नये, हे मला रस्सा दुसऱ्यांदा घेताना सुचलं. मग तिनं दीड महिन्याचं पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

आमच्याकडे तान्हं पोर पहिल्यांदा पाहिलं की त्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय कोणी उठत नाही. जन्मभर मी ते करत आले. माझा हात आपोआप कमरेच्या पिशवीकडे गेला. मी अकरा रुपये पोराच्या तळहातावर ठेवले. पोरानं मूठ घट्ट मिटली. बापावर गेलं होतं.

तेवढ्यात बोरकुटे अंघोळ करून बाहेर आला आणि ओल्या अंगानं पाया पडला.

"मावशी, येत्या पगाराले मी स्वतः येतो. पेटी बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. पेटीची तब्येत सांगून मी निघाले. स्टँडवर पिशवी उघडली तर परतीच्या तिकिटाला पैसे कमी. अकरा रुपये पोराच्या मुठीत होते. बोरकुटे मला पोचवायला आला होता, त्यानं दोन रुपये काढून दिले. पाचशे नव्वदांतली तीन खेपांत झालेली वसुली तेवढीच.

सिस्टरनं विचारलं, "किती आणले?"

"दोन रुपये."

"नि दिले किती?"

"अकरा."

ती हसली नाही. चामोर्शी रोडच्या खोलीला ॲडव्हान्स किती लागतो, तेवढं तिनं मला सांगितलं.

महिना संपायला चार दिवस उरले असताना बोरकुटेच्या गडचिरोलीच्या ऑफिसचे हेडक्लर्क आले. गोहणे बाबू, काडीसारखा माणूस, काखेत छत्री, चिमटीत तपकीर. बरोबर ऑफिसचा शिपाई सोमाजी. त्यांच्या ऑफिसात पस्तीस जणांची सर्व्हिस बुकं सापडत नव्हती. सर्व्हिस बुक म्हणजे माणसाची सगळी नोकरी एका वहीत: कधी लागला, पगार कधी वाढला, रजा किती घेतली. ते नसलं तर पेन्शन निघत नाही. आणि सोमाजी पुढच्या महिन्यात रिटायर होत होता.

झालं होतं असं. ऑफिसचं छत गळायचं आणि कपाटं अजून आली नव्हती. म्हणून बोरकुटेनं बुकांचे आणि फायलींचे गठ्ठे आपल्या खोलीवर आणून पेटीत ठेवले. काम तसं चांगलं केलं. पण बदली झाली तेव्हा सगळं दिलं असं लिहून मोकळा झाला आणि पेटी माझ्याकडे टाकून गेला. माझ्याकडे ठेवायला त्याच्यापाशी दुसरं काही जड नव्हतं. गठ्ठे सायकलवरून सोमाजीनंच आणले होते, म्हणून त्याला आठवलं.

हे सगळं गोहणे बाबूंनी मला उभ्यानं सांगितलं आणि मी पेटीवर बसून ऐकलं. पितळ गेलं याचं दुःख गिळायला थोडा वेळ लागला. मग वाटलं, हे तर पितळापेक्षा बरं. पितळासाठी बोरकुटे धावत येत नव्हता, यासाठी अख्खं ऑफिस येईल. म्हणून मी ते पाचशे नव्वदचं बोलले.

सोमाजी पुढे आला. तो म्हणाला, "बाई, माह्यं पोट आहे त्या पेटीत. तुमचं भांडण बोरकुटेशी. मले काऊन मारता?"

त्याचं बरोबर होतं. मी उठले, पण अट घातली. पेटी माझ्यासमोर उघडायची. मनात अजून एखाद्या पातेल्याची आशा होती, ते कशाला लपवू?

सोमाजीनं दगडानं कुलूप तोडलं. आत वह्याच वह्या. सोमाजीनं आपलं बुक शोधलं, उघडून आपला फोटो पाहिला आणि बुक छातीशी धरून विहिरीपाशी जाऊन बसला. गोहणे बाबू एकेक फाईल काढून मोजू लागले. एका फायलीपाशी ते थांबले. आधी चष्मा वर केला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही पैसे कायचे मागून राह्यल्या? तुमचं भाडं तं पूर्ण भेटलं."

"कोण म्हणते?"

"तुम्हीच म्हणता. ह्या पाहा पावत्या. महिना दीडशे रुपये, शेवटच्या महिन्यापावतो."

"दीडशे? मी नव्वद घेते!"

मग त्यांनी समजावलं. सरकार बाबूंना घरभाडं भत्ता देतं. त्यासाठी घरमालकाची पावती जोडावी लागते. भाडं जास्त दाखवलं की भत्ता जास्त. बोरकुटेनं माझ्या नावच्या पावत्या घरीच बनवल्या होत्या. प्रत्येक पावतीवर वीस पैशांचं रेव्हेन्यू तिकीटसुद्धा लावलं होतं. मला न दिलेल्या भाड्याचे पैसे त्यानं सरकारकडून घेतले होते.

"नि हा खाली तुमचा अंगठा," गोहणे बाबू म्हणाले.

मी पावती हातात घेतली. माझं नाव, त्याखाली जांभळ्या शाईचा अंगठा.

खरं सांगते, मला दीडशेचा राग आला नाही. पाच महिन्यांचा, शेगडीचा, अकरा रुपयांचाही तितका आला नाही. अंगठ्याचा आला. मी चौथी पास आहे. आमच्या ओळीत त्या काळी सही करणारी बाई मी एकटी. पोस्टमन मनीऑर्डरीला शाईचा डबा काढायचा, तो मी त्याला परत खिशात ठेवायला लावायची. आणि हा माझ्या हातचं वरण खाऊन मला अंगठेबहाद्दर करून गेला!

"पेन द्या," मी म्हटलं. गोहणे बाबूंच्या डायरीवर मी माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. एकदा नाही, तीनदा. एवढं होईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं माझी सही पाहून. तसं नव्हतं. त्या प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून खाली गोहणे बाबूंची स्वतःची सही होती.

ते विहिरीच्या कठड्यावर सोमाजीशेजारी बसले. "बाई, याचा बोभाटा नका करू. बोरकुटे जाईन नि त्याच्यासंगं मीही जाईन. पोरीचं लग्न आहे माझ्या."

"पेटी न्या," मी म्हटलं. "सोमाजीचं काम करा. पावत्या माह्यापाशी राहतीन."

पेटी उचलायला दोघं लागले. पावत्या मी पोलक्यात ठेवल्या. दोन महिने मी जड वस्तूवर बसून होते आणि खरा जामीन छटाकभर वजनाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं बोरकुटे आला. आल्याआल्या वाकला. मी पाय मागे घेतले.

"पाय राहू दे. हा अंगठा कोणाचा आहे?"

"माह्याच, मावशी. डाव्या हाताचा."

"माह्यं शिक्षण किती, माहीत आहे तुले?"

"चौथी, मावशी."

"मंग?"

सिस्टर आपल्या दारात उभी राहून दात घासत होती. इतका वेळ दात घासताना मी तिला कधी पाहिलं नाही.

"तुह्या कागदावर भाडं किती आहे?" मी विचारलं.

"मावशी, ते तं असंच..."

"किती?"

"दीडशे."

"मंग दीडशेनंच दे. पाच महिन्याचे साडेसातशे. नि लाईटचे एकशे चाळीस वेगळे."

"पण मावशी, ठरले तं नव्वद होते!"

"सरकारी कागद आहे. खोटा कसा असन?"

त्यानं आठशे नव्वद मोजले. नोटांना गोहणे बाबूंच्या तपकिरीचा वास येत होता, म्हणजे उसने कुठून आणले ते कळलं. मी दोनदा मोजून घेतले. सावलीच्या स्टँडवरचे दोन रुपये कापून घ्या म्हणाला, तेवढी हिंमत शिल्लक होती. मी दोन रुपये दिले. मग मी पावती बुक काढलं. कालच दुकानातून नवं आणलं होतं, एकदा शाईत बुडाल्यावर माणूस शहाणा होतो. मी त्याला पाच पावत्या फाडून दिल्या, प्रत्येकी दीडशेची, प्रत्येकीवर माझी पूर्ण सही. त्यानं त्या नको नको म्हटलं तरी दिल्या. अंगठ्याच्या पावत्या त्याच्या हाती दिल्या, त्या त्यानं माझ्याच चुलीत घातल्या आणि जळेपर्यंत तिथून हलला नाही.

त्याच दिवशी मी लाईटचं बिल भरलं. वायरमन खांबावर चढला नाही, सिस्टर गेली नाही, कोणीच गेलं नाही. सोमाजीचं पेन्शन मार्गी लागलं. त्यानं मला पाव किलो पेढे आणून दिले आणि माझ्यासमोर त्यातले निम्मे स्वतः खाल्ले. आठवडाभर मी गल्लीत भेटेल त्याला सांगत होते की बाबू लोकांकडून वसुली कशी करायची ते मला विचारा. ठरल्यापेक्षा तीनशे जास्त आणले मी.

दोन महिन्यांनी घरपट्टीवाला आला. घरपट्टी म्हणजे घरावरचा कर. घर भाड्यानं दिलं असेल तर तो भाड्याच्या हिशेबानं लागतो. म्हणून गावातला प्रत्येक घरमालक भाडं कमी सांगतो. मीही सांगितलं, "साठ रुपये."

तो पोरगेला माणूस होता, बोलायला मऊ. "पावत्या देता का हो बाई? इथी तं कोणीच पावती बुक ठेवत नाई."

"मी ठेवते," मी म्हटलं आणि आत जाऊन आणलं. कोणी मागितलं नव्हतं, त्यानं फक्त विचारलं होतं. पावती फाडून दिली की बुकात तिची जोडपावती राहते. त्यानं पानं उलटली. पहिल्या पाच पानांवर दीडशे, दीडशे, दीडशे, दीडशे, दीडशे.

"बाई, हे तं दीडशे आहे."

"ते एका बाबूचं होतं. ते तसं नाई..."

"ही सही कोणाची आहे?"

माझी नाही, असं म्हणता आलं असतं. मला सही येत नाही, असंही म्हणता आलं असतं. त्याच्याकडे शाईचा डबाही होता.

"माझीच," मी म्हटलं. "चौथी पास आहे मी."

त्यानं सहाही खोल्यांना दीडशेच्या हिशेबानं घरपट्टी लावली. बोरकुटेचे तीनशे रुपये त्यात केव्हाच गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं नव्वद घेऊन मी दीडशेची घरपट्टी भरली. शेवटी भाडं वाढवून खरोखरच दीडशे केलं, तेव्हा कुठे मी कागदाच्या बरोबरीला आले.

खोल्या अजून आहेत. पावती मी दर महिन्याला देते, जेवढे घेतले तेवढ्याचीच. आणि पावती बुक आहे का असं कोणी विचारलं, तर आधी मी विचारते, तुम्ही कोण, कुठचे, नि कायले पाहिजे? मग ठरवते, ते सापडते का नाही.